डाव्या हाताची खोळ

पिस्तूलवाला घरी आला की आमची यमुना आधी पितळेची वाटी पुढे करायची. पाणी नंतर. गिऱ्हाइकानं काडतुसं काढून त्या वाटीत ठेवायची, वाटी देवळीत जायची आणि मगच रिकामं पिस्तूल माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या हातात यायचं. हा आमच्या घरचा रिवाज होता. एकदा भरघोस मिशांच्या एका गृहस्थांनी वाटीकडे बघून विचारलं, "यात काय, खीर मिळणार आहे वाटतं?" यमुना तेव्हा लग्न होऊन वर्षभराची, एकोणीस वर्षांची पोर. ती म्हणाली, "आधी त्या गोळ्या टाका, मग खिरीचं बघू." गृहस्थ मुकाट्यानं काडतुसं काढायला लागले. अशी ही माझी बायको, आणि माझ्या धंद्यातली अर्धी भागीदार.

अंबरनाथला स्टेशनच्या पूर्वेला दोन खोल्यांत आम्ही पिस्तुलाच्या खोळी शिवायचो. साहेब लोक होल्स्टर म्हणत, पोलीस केस म्हणत, कॅम्पातले सिंधी कव्हर म्हणत. आबा खोळ म्हणायचे, म्हणून मीही खोळच म्हणणार. हे काम मी केलंय असं कळलं की आजकालची मुलं विचारतात, "आजोबा, मग तुम्ही गोळी कितीदा झाडलीत?" एकदाही नाही. दिवाळीत नातू टिकल्या उडवतो तेव्हासुद्धा मी कानावर हात ठेवतो.

आबा मूळचे देशावरचे. आम्ही चर्मकार. त्या काळी लोक जो शब्द वापरत तो ज्याला ठाऊक आहे त्याला आहे, पुन्हा लिहायची गरज नाही. मोठ्या लढाईच्या दिवसांत कल्याणजवळच्या लष्करी छावणीत पट्टे, बूट, खोगिरं दुरुस्त करायला माणसं हवी होती, तेव्हा आबा इकडे आले आणि तिथेच गोऱ्यांच्या हाताखाली खोळी शिवायला शिकले. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायला लागले. मग लढाई संपली आणि छावणी ओस पडली. पुढे फाळणी झाली नि त्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. त्या वस्तीला उल्हासनगर असं छान नाव मिळालं, पण आमच्या तोंडी ते कितीतरी वर्षं कॅम्पच राहिलं. आबांची नोकरी गेली ती गेलीच. वहाणा शिवणारे पैशाला पासरी होते, खोळी शिवणारा मात्र पंचक्रोशीत एकटा. फौजदार, कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी, एखाददुसरा शिकारी जमीनदार, कॅम्पातले जुने पैसेवाले, सगळे वास काढत आमच्या दारी यायचे.

आता या धंद्यातली खरी मेख सांगतो. खोळ पिस्तुलाच्या अंगावर बसवावी लागते आणि परवान्याचं हत्यार मालकाला दुसऱ्याकडे सोडून जाता येत नाही. म्हणजे कातडं आकार धरेपर्यंत मालकानं आमच्या घरी बसून राहायचं. दोन तास, अडीच तास, पावसाळ्यात तीनही. ज्या लोकांनी एरवी आमच्या उंबऱ्याला पाय लावला नसता, ते आमच्या चटईवर मांडी घालून बसत. काही जण घरून तांब्या भरून आणत. आबा त्यांना काही बोलत नसत, फक्त त्यांचं कातडं जरा जास्त वेळ वाळत ठेवत. तिसऱ्या तासाला तांब्या रिकामा झाला की यमुना विचारायची, "पाणी देऊ का, साहेब?" बहुतेक जण घेत. कॅम्पातल्या सिंधी लोकांचं मात्र तसं नव्हतं. ते आल्या आल्या पाणी मागायचे नि वर चहा सांगायचे.

खोळीला सालीत कमावलेलं कातडं लागतं. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात मुरलेलं बैलाचं कातडं पाण्यात घातलं की मऊ पडतं आणि वाळलं की दिलेला आकार सोडत नाही. आधी कागदाचा नमुना, मग रापीनं कापणं, आरीनं भोकं, मेण लावलेल्या दोऱ्याची दोन सुयांनी शिवण. ही शिवण यमुनेची. तिच्या तोडीचा टाका मला आयुष्यात कधी जमला नाही. मग खोळ भिजवायची, पिस्तुलाला तेल चोपडून मेणकापड गुंडाळायचं, ते आत सारायचं आणि शिंगाच्या पट्टीनं बाहेरून दाबत दाबत सगळ्या खाचाखोचा उठवायच्या. वाळवायची ती सावलीत. उन्हात ठेवलीत तर पापडासारखी वाकडी होईल. चांगल्या खोळीची परीक्षा सोपी असते. उलटी धरून झटकली तर पिस्तूल खाली पडता कामा नये आणि बोटांनी धरून ओढलं तर अडता कामा नये.

एकदा टेकचंद नावाचे एक वयस्क सिंधी व्यापारी आले. कॅम्पात त्यांचं कापडाचं दुकान होतं. यमुनेनं वाटी पुढे केली तर ते नुसते बघत राहिले.

"काडतुसं," ती म्हणाली.

"बेटी, पिस्तौल ही नहीं है तो गोली कहाँ से लाऊँ? वो तो उधर रह गया, शिकारपुर में. मेरे को खाली कव्हर चाहिए."

आबांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. टेकचंद म्हणाले, "गल्ले पर बैठूँगा, कमर में कव्हर रहेगा. ढक्कन बंद है तो अंदर क्या है, कौन देखता है, साईं?"

पण खोळ बसवायची कशावर? शेवटी आबांनी सागाचा एक तुकडा घेतला नि टेकचंद सांगतील तसा तासायला बसले. म्हातारा डोळे मिटून लाकूड हातात धरायचा आणि म्हणायचा, "नहीं, मूठ थोड़ी मोटी थी." पुन्हा तासायचं. चौथ्या वेळी त्यांनी ते लाकूड हातात घेतलं नि परत दिलंच नाही, छातीशी धरून बसले. रडत होते. यमुना चहा घेऊन दारातच थांबली. पुढे ती खोळ कमरेला लावून टेकचंद कितीतरी वर्षं गल्ल्यावर बसले, आत ते सागवानी पिस्तूल. त्या लाकडानं आम्हाला एक गोष्ट शिकवली, की पिस्तूल समोर नसतानाही खोळ बसवता येते. ती पुढे कामाला आली.

आता माझी चूक. फौजदारसाहेबांनी, त्यांचं नाव सांगत नाही, स्वतःच्या खर्चानं झाकणवाली उंची खोळ सांगितली होती. आबांना ताप होता, म्हणून कापायचं काम मी घेतलं. वहाणा नि बूट शिवणाऱ्याची सवय असते की खुणा कातड्याच्या आतल्या बाजूला करायच्या, म्हणजे वरच्या बाजूला ओरखडा दिसत नाही. आतून आखलं की आकार आरशातल्यासारखा उलटा पडतो. बुटाला त्याचं काही वाटत नाही, कारण जोड असतो. एक डावा, एक उजवा, दोन्ही लागतातच. खोळ मात्र एकटी. नमुना पालथा घालून आखायला हवा होता. मी सरळ आखला, यमुनेनं सुरेख शिवली. पाटावर ठेवून बसवताना सगळं झकास दिसत होतं. अडीच तासांनी फौजदारांनी ती उजव्या कमरेला लावली, झाकण उघडलं आणि पिस्तुलाची मूठ पाठीकडे असायची ती पोटाकडे आलेली.

ते आधी खोळीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "अरे, मी डावखुरा आहे असं कुणी सांगितलं तुला?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आबा तापातून उठले, फौजदारांची माफी मागितली आणि दुसरी खोळ फुकट करून दिली. मला रागावले नाहीत. फक्त ती उलटी खोळ मी जिथे बसायचो त्याच्या बरोबर समोर खिळ्याला टांगली. रोज काम करताना मान वर केली की ती दिसायची. फौजदार जाता-येता दारातून हाक द्यायचे, "काय रे शंकर, मिळाला का कुणी डावखुरा?" आणि हसत पुढे जायचे. वर्षभर हे चाललं. माणूस मनानं चांगला होता, पण एकच थट्टा किती दिवस करावी याला काही धरबंध असतो.

मग एका रविवारी कदम हवालदार आले. मूळचे कोकणातले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेले, चाळिशी ओलांडलेले, ताठ. इथल्या एका कारखान्यात सुरक्षा खात्यात होते. पगाराच्या दिवशी कल्याणच्या बँकेतून पैशाची पेटी यायची, त्या गाडीत कमरेला रिव्हॉल्व्हर लावून बसायचं हे त्यांचं काम. राहायला बदलापूरला मांजर्लीत, नदीच्या अंगाला भाड्याच्या खोलीत, बायको नि तीन मुलं.

यमुनेनं वाटी पुढे केली. ते म्हणाले, "नको, सूनबाई. हत्यार कारखान्याचं. ड्युटी संपली की तिथेच जमा करावं लागतं." मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि उजवा हात आबांपुढे धरला. तळव्यावर लढाईतला जुना व्रण होता. त्यांनी मूठ मिटायचा प्रयत्न केला. चार बोटं मिटली, अंगठ्याजवळचं बोट सरळच राहिलं. चाप ओढायचं बोट.

"आधी वाकत होतं," ते म्हणाले. "दोन वर्षांत हळूहळू असं झालं. डॉक्टर म्हणतात, आता यापुढं असंच. वरसाला एकदा साहेब नेमबाजीची निशाणी घेतात. या वेळचं कसंबसं ढकललं. ऑफिसात कळलं तर दुसऱ्या दिवशी हिशेब करून घरी पाठवतील, मिस्त्री. गावी जाऊन करू काय? भावाच्या तीन शेतांत पाच तोंडं आहेत, त्यात माझी पाच घालू?"

"मग आमी काय करावं?" आबांनी विचारलं.

हवालदारांची नजर खिळ्यावर गेली. उठून त्यांनी ती खोळ काढली, उजव्या कमरेला धरली, झाकण बंद केलं. बाहेरून कुणीही बघितलं असतं तर साधी, सगळ्यांसारखी उजव्या बाजूची खोळ. मग डावा हात पोटावरून आडवा नेला, झाकण उघडलं आणि रिकाम्या खोळीतून नसलेलं पिस्तूल काढलं. मी वर्षभर जिच्याकडे बघून मान खाली घालत होतो, ती खोळ त्या माणसासाठीच शिवल्यासारखी होती.

मी लगेच हो म्हणणार, तेवढ्यात आबा बोलले. "हवालदार, तुमचं समदं खरं हाय. पर गाडीत कारकून असतोय, डायवर असतोय. त्यांच्या जिवाचं काय? तुमच्या घरची चूल पेटावी म्हनून त्यांची इझवायची का?"

हवालदारांना राग आला नाही. "डावा हात बघा माझा," ते म्हणाले. "मग ठरवा."

असं ठरलं की त्यांनी दर रविवारी यायचं, लाकडी पिस्तुलावर डाव्या हाताचा सराव करायचा आणि आबांची खात्री पटली तरच खोळ मिळेल. पण लाकडी पिस्तूल करायचं तर मूळ हत्याराचा आकार हवा, आणि ते कारखान्याच्या बाहेर येत नाही. यावर तोड यमुनेनं काढली. "डब्यात भाकरीऐवजी घट्ट कणीक न्या. तिच्यात दाबा नि घेऊन या." हवालदार दोन डबे घेऊन गेले, एकात डाव्या बाजूचा ठसा, दुसऱ्यात उजव्या. पुढच्या रविवारी ते सांगत होते, "साफ केलं हो मी, पण चापाच्या खाचेत जरा राहिली. कोठारातला कारकून विचारतो, हवालदार, हत्याराला चपातीचा वास कसा येतो?" घरात आम्ही पोट धरून हसलो. कदमही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आबांनी ठशावरून लाकडी पिस्तूल तासलं. फौजदारांचं हत्यार मोठं होतं, कारखान्याचं लहान, म्हणून खोळीची कडेची शिवण उसवून बोटभर आत घेतली, पुन्हा भिजवली, पुन्हा बसवली. आणि सराव सुरू झाला. आमच्याकडे घड्याळ नव्हतं. यमुना चुलीपाशी भाकरी थापायची आणि तिच्या थापांवर मोजणी व्हायची. पहिल्या रविवारी झाकण उघडून लाकूड हातात यायला नऊ थापा लागल्या. दुसऱ्या रविवारी सात. तिसऱ्याला पाच. हवालदार घामाघूम व्हायचे, पुन्हा खोळीत घालायचे, पुन्हा काढायचे. मग यमुना त्याच भाकऱ्या त्यांच्यापुढे ठेवायची. पहिल्या दिवशी तिनं जरा बिचकतच विचारलं, "चालेल ना तुम्हाला आमच्याकडची?" ते म्हणाले, "खंदकात कुणाच्या हातची भाकर हे विचारणारा उपाशी मेला, सूनबाई. वाढ."

दोन महिन्यांनी तीन थापा झाल्या. गोळीबाराचा सराव ते कारखान्याच्या मागे टेकडीखाली, एका विश्वासातल्या सोबत्याबरोबर करत होते. तो सोबती एकदा आमच्याकडे येऊन आबांना सांगून गेला, "मिस्त्री, उजव्यानं मारायचे त्यापेक्षा बरं मारतात." तेव्हा आबांनी खोळ त्यांच्या हातात ठेवली. जाताना हवालदार एवढंच म्हणाले, "हे घराच्या बाहेर जाता कामा नये." आम्ही तिघांनीही मान डोलावली.

सात-आठ महिने सगळं ठीक चाललं. आणि मग मी माती खाल्ली.

फौजदारसाहेब पट्टा बदलून घ्यायला आले होते. त्यांनी खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा.

"काय रे शंकर, ती उलटी खोळ कुठाय? उंदरांनी खाल्ली का?"

आबा घरात नव्हते. यमुना पाण्याला गेली होती. वर्षभराची ती थट्टा माझ्या घशाशी आली होती आणि मला एकदाच, फक्त एकदाच, त्या माणसाचं तोंड बंद करायचं होतं. मी म्हणालो, "विकली, साहेब. आणि ज्यानं घेतली त्याच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक मला मिळालं नाही." पुढे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. उजव्या कमरेला लावून डाव्या हातानं कशी काढायची, झाकण बंद असलं की साहेबालाही कसं कळत नाही, कणकेतला ठसा, सगळं मीठमसाला लावून सांगितलं. नाव तेवढं घेतलं नाही. "एका कारखान्याचे हवालदार आहेत," एवढंच बोललो. जणू अंबरनाथात पगाराची पेटी आणणारे हवालदार पन्नास होते! फौजदार मांडीवर थाप मारून हसले. "वा, मिस्त्रीचा पोरगा शोभतोस!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारात उभे राहिले, तसेच हसत. "शंकर, तुझी ती गोष्ट परवा जेवायच्या पंगतीत सांगितली. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी शेजारीच होते. फार गंमत वाटली त्यांना, खोदून खोदून विचारत होते." फौजदारांच्या मनात खरंच काही काळंबेरं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो एक किस्सा होता. मला मात्र कदमांची तीन मुलं आठवली.

रात्री जेवताना आबांना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मांजर्लीला जा," ते म्हणाले. "तुज्या तोंडानं गेलं, तुज्याच तोंडानं त्याला सांग. साहेबानं बोलवायच्या आधी त्याला ठावं असाया पायजे."

दुसऱ्या दिवशी मी बदलापूरला गेलो. हवालदार कामावरून यायचे होते. नाव सांगताच त्यांच्या बायकोनं मला ओळखलं, आत बसवलं. खोली छोटीच, पण भिंतीला नवा पांढरा रंग. धाकटी मुलगी पाटीवर अक्षरं गिरवत होती. बाईंनी माझ्यापुढे तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांनी आमच्यासाठी काय केलं ते आम्हीच जाणतो. हे तर तुमचं नाव निघालं की हात जोडतात." मी एक बोर तोंडात घातलं. ते काही केल्या गिळवेना. "खोळ ठीक आहे ना?" बाईंनी विचारलं, "दुरुस्तीला न्यायची होती का?" मी म्हणालो, "नाही, सहज आलो होतो." पाणी प्यालो आणि उठलो. हवालदार यायच्या आत निघालो. नदीच्या काठानं स्टेशनपर्यंत चालताना मी स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते इथे छापता येणार नाही.

घरी आबांनी विचारलं, "सांगितलंस?" मी हो म्हणालो. आबांशी मी आयुष्यात खोटं बोललो ते तेवढंच. यमुना माझ्या तोंडाकडे बघून समजली, पण तिनं तेव्हा काही दाखवलं नाही. अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "अहो, पाच माणसं आहेत तिथं." मी कूस बदलली.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. रापी हातातून सुटायची, भोकं वाकडी पडायची. समोरचा तो रिकामा खिळा खोळ टांगलेली असतानाही एवढा टोचला नव्हता.

नवव्या दिवशी, रविवारी, हवालदार दारात उभे. गणवेशात. कमरेला खोळ होती, पण डाव्या बाजूला. आबा बाहेर गेले होते. हवालदार चटईवर बसले, खोळ काढून माझ्यापुढे ठेवली.

"याचं झाकण कापून टाक," ते म्हणाले. "नुसती एक वादी ठेव, बटणाची. झाकण उघडण्यात एक थाप जाते."

मी खोळ पुढे ओढून घेतली. तेच बोलत राहिले. सोमवारी सकाळी ते स्वतःहून साहेबांच्या खोलीत गेले होते. हात दाखवला, खोळ काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, साहेब, हे असं आहे, मी लपवलं, आता काय ते ठरवा. साहेबांच्या कानावर गोष्ट आलेलीच होती आणि दुपारी ते बोलावणारच होते. रागानं लाल झाले. मग टेकडीखाली घेऊन गेले. आधी उजव्या हातानं मार म्हणाले. हवालदारांनी रिव्हॉल्व्हर धरलं, बोट वाकेना, चाप काही ओढला जाईना. चार शिपाई बघत होते. "त्यापेक्षा ब्रह्मदेशात मेलो असतो तर बरं, असं झालं," ते म्हणाले. मग डाव्या हातानं सहा गोळ्या. सहाही लागल्या. साहेबांनी निशाणाच्या फळीपाशी जाऊन एकेक भोक मोजलं आणि शेवटी म्हणाले की यापुढे खोळ डाव्या कमरेला लावायची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि वर्षाला एकदाऐवजी दोनदा निशाणी द्यायची. "आणि म्हणाले, कदम, तू स्वतः आलास म्हणून हे. मी बोलावल्यावर आला असतास तर आज घरी असतास."

मी रापी हातात घेतली, खाली ठेवली. म्हणालो, "हवालदार, ते फौजदारांना मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तूच. घरी आलास, बोर खाल्लंस नि खोळीचं नाव निघाल्यावर पळालास. बायको म्हणाली, पोराच्या पोटात काहीतरी आहे, ते त्याला खाऊ देत नाही. तीन रात्री विचार केला. खोळीचं बाहेर फुटलं असणार, दुसरं काय असणार? म्हटलं, आता साहेबाच्या आधी आपणच जावं."

मला रडू आलं. चोवीस वर्षांचा घोडा, बायकोसमोर, गिऱ्हाइकासमोर ढसाढसा रडलो. यमुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि भाकरी थापायला बसली, कारण त्या घरात कुणी रडायला लागलं की तिला दुसरं काही सुचायचं नाही. हवालदारांनी मला उगी-उगी केलं नाही. मग म्हणाले, "काप."

मी झाकण कापलं. वादी लावली, बटण ठोकलं. हवालदारांनी खोळ डाव्या कमरेला चढवली, लाकडी पिस्तूल आत घातलं आणि यमुनेकडे बघितलं. तिनं भाकरी थापायला घेतली. दोन थापांत लाकूड हातात. "आता झालं," ते म्हणाले. मी कापलेला तो कातड्याचा तुकडा पाटावरच पडला होता, तळहाताएवढा, एका टोकाला गोल. त्यांनी तो उचलला नि माझ्या हातात दिला.

"हे ठेव तुझ्याकडे. कुणी गिऱ्हाईक गप्पा मारायला बसलं की तोंडाला लाव."

पुढे कितीतरी वर्षं ते पगाराची पेटी आणत राहिले, आणि त्या खोळीतून पिस्तूल काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. निवृत्त झाले तेव्हा मांजर्लीत त्यांचं स्वतःचं घर होतं. आबा गेले तेव्हा खांदा द्यायला ते आले होते, त्यांच्या जातीच्या चार लोकांनी नावं ठेवली तरी. आबांना मी ते खोटं शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढी एक गोष्ट राहून गेली.

झाकण मी त्याच खिळ्याला टांगलं. नंतर चाळीस वर्षं त्या चटईवर फौजदार बसले, व्यापारी बसले, एकमेकांचे वैरीसुद्धा बसले, आणि एकाची गोष्ट दुसऱ्याला मी सांगितली नाही. कुणी फार खोदायला लागलं की मी मान वर करून खिळ्याकडे बघायचो. आता कदम नाहीत, त्यांची बायको नाही, फौजदार नाहीत. म्हणून हे लिहिलं. लिहिण्याआधी यमुनेला विचारलं, सांगू का? तिनं खुर्चीवर चढून, गुडघे दुखत असताना, ते झाकण खिळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्या कागदाशेजारी ठेवलं. म्हणाली, "सांगा. पण सांगून झालं की परत टांगा."